मागची बाजू लावा: विसरलेल्या रेकॉर्ड शोधायला आणि त्यांवर वाद घालायला शिकताना

मिरजेत जुन्या गाण्याची आवड असलेल्या कुणालाही उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड विचारा. 'पिया बिन नाही आवत चैन' किंवा 'जमुना के तीर', यांतलं एक नाव लगेच येणार. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, दरवर्षी उरुसात तिथे गाणं होतं, त्यामुळे नाव विसरायचा प्रश्नच येत नाही. पण याच खाँसाहेबांनी 'मानापमान'मधलं 'चंद्रिका ही जणू' रेकॉर्डवर गायलं आहे म्हटलं, की निम्मे लोक चमकतात. त्यागराजांची एक तेलुगू कृतीही त्यांनी रेकॉर्ड केली आहे म्हटलं, की उरलेले चमकतात. 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, गाणारे खाँसाहेब मिरजेचे, दोन्ही गावं शहर बसच्या एका तिकिटावर, आणि तरी ती रेकॉर्ड आपल्या कानावर नाही.

दुर्लक्षित रेकॉर्ड म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. ती दुर्मिळ असलीच पाहिजे असं काही नाही. बहुतेक वेळा ती घरातच असते, उलट्या बाजूला असते, किंवा इतक्या मोठ्या नावाखाली दबलेली असते की कुणी ती वेगळी काढून ऐकत नाही.

आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबागेत एकाच्या घरी ऐकायला जमतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी नवं येतं, आणि प्रश्न तेच असतात: सुरुवात कुठून करू, रेकॉर्ड कुठे मिळतात, कशा जपायच्या, आणि तुम्ही एवढं भांडता कशावर? हा लेख त्यांच्यासाठी.

हातात काय आहे ते ओळखा

जड, जाड, दहा इंची, पडली की फुटणारी ती लाखेची रेकॉर्ड. मिनिटाला साधारण ७८ फेरे, म्हणून आम्ही तिला 'अठ्ठ्याहत्तर' म्हणतो. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. हलकी, बारा इंची, थोडी वाकणारी ती एलपी. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस ते पंचवीस मिनिटं. सात इंची छोटी ती ईपी, ती बहुधा ४५ ला वाजते. आणि मग कॅसेट. कॅसेटला कमी लेखू नका. १९८० नंतर जत्रेतली गाणी, भेदिक (शाहिरांची सवाल-जवाबाची गाणी), पोवाडे, खंडोबाची गाणी असं कितीतरी थेट कॅसेटवर आलं आणि पुढे दुसऱ्या कशावर गेलंच नाही.

काही गाणी का विसरली जातात, याचं एक मोठं कारण इथेच आहे. अठ्ठ्याहत्तरवरून एलपी, एलपीवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून मोबाइल. प्रत्येक उडीच्या वेळी कंपनी खपणारं तेवढं पुढे नेते, बाकीचं मागच्या काठावर राहतं. ते वाईट होतं म्हणून राहिलं असं आपण गृहीत धरतो. ऐकल्याशिवाय तसं धरू नका.

शोध घरापासून

नवीन माणूस पहिल्यांदा जुन्या बाजाराचा पत्ता मागतो. मी त्याला आधी आत्याकडे पाठवतो. पोटमाळा, दिवाण, आजोबांची लोखंडी ट्रंक, लग्नात मिळालेल्या रेकॉर्ड प्लेअरखालचा कप्पा, हे सगळं आधी बघून घ्या. नातेवाइकांकडे जाताना 'जुन्या रेकॉर्ड द्या' म्हणू नका, 'ऐकायला आणि लिहून घ्यायला आलोय' म्हणा. माणसं मोकळी होतात, चहा होतो, आणि रेकॉर्डपेक्षा मोलाची माहिती मिळते: ही कुणी आणली, घरात कधी लावायचे, कुठलं गाणं लागलं की कोण उठून जायचं.

नंतर रद्दीवाले आणि भंगारवाले. त्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा आणि अधूनमधून नुसतं भेटून या. सिनेमाच्या गाजलेल्या एलपींना ते भाव सांगतात, नाट्यपदांच्या अठ्ठ्याहत्तर मात्र बऱ्याचदा गठ्ठ्यानेच देतात. मिरजेत सतारमेकर गल्लीतही एक चक्कर मारा. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बघे वाढले आहेत, त्यामुळे कामाच्या वेळी जाऊन बोलत बसू नका. पण तिथल्या वयस्कर कारागिरांनी भोपळा तासता तासता आयुष्यभर मोठमोठ्या गवयांचं गाणं समोर बसून ऐकलं आहे. कुणाची कुठली रेकॉर्ड ऐकायची राहून गेली आहे, हे त्यांना विचारा.

काय शोधायचं? माझ्या अनुभवात चार जागा हमखास फळ देतात. एक, गाजलेल्या रेकॉर्डची उलटी बाजू. दोन, मोठ्या गायकाचं त्याच्या नेहमीच्या वाटेबाहेरचं काम, खाँसाहेबांच्या नाट्यपदासारखं. तीन, वाद्यांवरची नाट्यपदं: हार्मोनियम, व्हायोलिन, सनई. शब्द नसल्याने लोक ती 'मागे लावायला' ठेवतात आणि कान देत नाहीत. चार, आपल्याच जिल्ह्यातलं. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. त्यांच्या लावण्या-पोवाडे कुणीकुणी रेकॉर्ड केले, कुणी त्यांत काय बदललं, एवढा एकच धागा धरला तरी वर्षभर पुरतो.

प्लेअर नसला तरी अडत नाही. इंटरनेटवर संग्राहकांनी चढवलेल्या अठ्ठ्याहत्तरचा साठा मोठा आहे, एक बरा स्पीकर असला की झालं. आपण स्वतः काही चढवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं राहतो, पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड जुनी आहे म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही.

घेताना आणि जपताना

रेकॉर्ड कव्हरातून काढून उजेडात तिरपी धरा. चिरा दिसल्या तर अंगठ्याचं नख हलकेच आडवं फिरवा. नख अडलं तर पिनही अडणार. नुसते केसासारखे ओरखडे असतील तर खरखर येईल, गाणं चालेल. कडेने डोळा लावून सपाट आहे का बघा. मी एकदा एप्रिलमध्ये कोल्हापूरहून येताना तीन एलपी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि जयसिंगपूरला जेवायला उतरलो. पाऊण तासात तिन्हींना पापडासारखी लाट आली, त्या पुन्हा सपाट झाल्या नाहीत. आपल्याकडच्या उन्हात रेकॉर्ड गाडीत सोडायची नाही. घरीही उभ्या ठेवायच्या, एकावर एक थप्पी लावायची नाही.

पिनबद्दल तडजोड करू नका. अठ्ठ्याहत्तरची खाच रुंद, एलपीची बारीक, म्हणून दोन्हींची पिन वेगळी. जुन्या पोर्टेबल प्लेअरना बहुधा उलटवता येणारी पिन असते, एक तोंड अठ्ठ्याहत्तरसाठी, दुसरं एलपीसाठी. लावण्यापूर्वी कुठलं तोंड खाली आहे ते बघा. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर चुकूनही नको. ती जड पोलादी सुई पहिल्याच फेऱ्यात खाच खरवडून काढते.

आता धुणं. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सांगलीत हा प्रश्न पुराने आणला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या एका स्नेह्यांच्या घरी तळमजल्यावर रेकॉर्डची पेटी होती. पाणी उतरल्यावर उघडली तर कव्हरांचा लगदा झाला होता आणि प्रत्येक खाचेत कृष्णामाईचा गाळ. आम्ही चौघांनी अंगणात दोन टब मांडले. एलपीसाठी पद्धत साधी: पहिल्या टबात साधं गार पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, दुसऱ्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. मऊ मलमलचा तुकडा खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, कधीही आडवा घासायचा नाही. मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही (आमच्याकडे बऱ्याच लेबलांचं आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं). मग भांड्यांच्या जाळीत उभं करून सावलीत वाळवायचं. गाळ वाळून कडक झाला असेल तर घासू नका, भिजू द्या. वाळलेल्या गाळात वाळू असते आणि तीच ओरखडे पाडते.

लाखेच्या रेकॉर्डला मात्र स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांतलं काहीही लावायचं नाही. मी लावलं होतं. एका अठ्ठ्याहत्तरवर स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय, म्हणून आणखी फिरवला. ती रेकॉर्डच निघत होती. या रेकॉर्ड लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्या बाजूवर आता फक्त वाऱ्यासारखा आवाज येतो. लाखेच्या रेकॉर्डला ओलसर फडकं पुरतं, आणि लगेच कोरडं फडकं.

ऐकायला बसताना

आमच्या बैठकीत एका वेळी एकच एलपी, किंवा जास्तीत जास्त चार अठ्ठ्याहत्तर. नव्या माणसाला हे कमी वाटतं. दोन तास पुरत नाहीत, हे पहिल्याच रविवारी कळतं.

पहिल्यांदा बाजू सुरू झाली की संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, 'वा' सुद्धा नाही. बैठकीच्या गाण्याला दाद हवीच, पण रेकॉर्डवरचा गायक आपली दाद ऐकू शकत नाही आणि शेजारचा श्रोता मात्र आपल्या 'वा'मुळे त्याच जागी चांगलं शोधायला लागतो. कव्हर आणणाऱ्याच्या हातात राहतं. कव्हरवर कुणाची प्रस्तावना आहे, कुणाचा फोटो आहे, हे आधी दिसलं की कान निम्मा मिटतो. भडंग आणि चहा बाजू बदलताना. हे शिस्तीसाठी सांगत नाही. भडंगाचा चुरचुर आवाज हळू आलापीत खरंच आड येतो, आणि तेलाहळदीच्या बोटांचा ठसा रेकॉर्डवरून सहज जात नाही.

दुसऱ्यांदा तीच बाजू लावायची, या वेळी हातात कागद-पेन्सिल. जे लिहायचं ते जागेसकट: 'दुसऱ्या मिनिटाला तबला मागे पडतो', 'शेवटच्या ओळीत शब्द गिळला', 'मुखड्याकडे येताना प्रत्येक वेळी वेगळी वाट'. 'छान', 'सुंदर', 'भावपूर्ण' हे शब्द आम्ही कागदावर चालवून घेत नाही. ते खोटे असतात म्हणून नाही. पुढच्या माणसाला त्यांवरून पिन कुठे ठेवायची ते कळत नाही, एवढ्यासाठी.

वाद घालताना

याच भागासाठी मी बैठकीला जातो. एक रविवार जसा झाला तसा सांगतो.

'चंद्रिका ही जणू' लावलं होतं, खाँसाहेबांचं. संपल्यावर नाटकं बघत वाढलेले आमचे एक काका म्हणाले, "हे नाट्यपद नाही. नाटकातला माणूस यात कुठे आहे? हा ख्याल झाला." 'मानापमान'च्या नायकाच्या, धैर्यधराच्या भूमिकेत हे पद गाजवणारे मास्टर दीनानाथ काकांच्या कानात बसलेले, आणि दीनानाथांचं घरही याच सांगलीत होतं, त्यामुळे काकांच्या बोलण्याला जोर. इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी, तिसऱ्यांदाच आलेली, म्हणाली, "काका, मी नाटक पाहिलेलं नाही. मला शब्द नीट ऐकू आले, आणि गाणाऱ्याला घाई नाही असं वाटलं." काका म्हणाले, "तीन मिनिटांत घाई नाही कशी?" तिने कागद बघितला. "अर्ध्यावर जिथे तो स्वरावर थांबतो ना, तिथे."

पिन पुन्हा ठेवली. ती जागा ऐकली. काका गप्प राहिले, मग म्हणाले, "थांबतो खरा. पण धैर्यधर असा थांबला नसता." मग दीनानाथांच्या गळ्यातलं तेच पद लावलं, आणि पुढचा तासभर वाद त्या दोन थांबण्यांवर चालला: नाटकातला गायक पुढे जातो तो प्रेक्षकांसाठी की पात्रासाठी, आणि पात्राचं ओझं नसलं की पदाला काय मिळतं आणि काय हरवतं. काका आपलं मत सोडून गेले नाहीत. मुलगीही नाही. पण दोघांच्या मताला आता एक जागा होती, जिच्यावर बोट ठेवता येत होतं.

यातून आमचे काही रिवाज पडले. मतभेद झाला की आवाज चढवायच्या आधी पिन परत त्या जागी. रेकॉर्ड आणणाऱ्याने शेवटी बोलायचं, कारण तो आधीच तिच्या प्रेमात असतो आणि त्याचं मन मोडू नये म्हणून बाकीचे खरं बोलत नाहीत. 'बालगंधर्वांची सर नाही' हे वाक्य पहिल्या फेरीत म्हणायचं नाही. ते बहुतेक वेळा खरंच असतं, पण त्यानंतर कुणाला काही बोलता येत नाही. मोठ्यांच्या आठवणींना मान द्यायचा आणि त्या वेगळ्या लिहून ठेवायच्या: 'काकांनी भावे नाट्यमंदिरात ऐकलं होतं, तिथे हे पद दहा मिनिटं चाललं' ही माहिती मोलाची आहे, मात्र ती रेकॉर्डवर ऐकू येत नाही.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ ज्याने होतो ते. दोष कुणाचा, हे ठरवायच्या आधी चार गोष्टी सुट्या करा: गायक, चाल, ध्वनिमुद्रण, आणि आपल्या हातातली ही एक प्रत. एलपीचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं वाटलं, तर लगेच 'आवाज थकला' म्हणू नका. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते पण आतल्या फेऱ्याचा घेर लहान असतो, त्यामुळे पिनेखालून सरकणारी खाच तिथे काठाच्या मानाने निम्म्याहून कमी वेगाने जाते. तेवढ्या आखूड जागेत तेवढाच आवाज कोंबलेला असतो, आणि 'स', 'श' फाटतात. थकली आहे ती जागा, गायक नव्हे.

तसंच पट्टीचं. सगळ्या 'अठ्ठ्याहत्तर' नेमक्या ७८ ला भरलेल्या नाहीत, विशेषतः १९२५ च्या आसपास मायक्रोफोन येण्याआधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या. ७४ ला भरलेली रेकॉर्ड ७८ ला लावली तर गाणं जवळजवळ एक पट्टी वर जातं: हार्मोनियमवर पांढरी एकचं शेजारची काळी एक होतं, लय वाढते, आवाज बारीक होतो. मग आपण 'काय हा किनरा आवाज' म्हणून मोकळे होतो. आमच्याकडे एक ताई हार्मोनियम घेऊन बसतात आणि आधी सा कुठे आहे ते बघतात. सा दोन सुरांच्या मधोमध, भलतीकडेच लागत असेल तर आम्ही प्लेअरची गती थोडी खाली-वर करून पुन्हा ऐकतो. हा पुरावा नाही, गवई काही हार्मोनियमला बांधील नव्हता. पण निकाल द्यायची घाई त्यामुळे थांबते. आणि अठ्ठ्याहत्तरचा शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला, तर तीन मिनिटांची मर्यादा आठवा. ती वेळ कंपनीने दिलेली, चीज गायकाची.

वही

प्रत्येक बैठकीची नोंद एका जाड वहीत ठेवा. लेबलवरचं सगळं जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट. कंपनी, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, साथीदारांची नावं असली तर. एचएमव्हीच्या एलपींवर क्रमांकाआधीची अक्षरंही सोडू नका: ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. मग मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक, तो टॉर्च तिरपा धरल्यावर दिसतो. लेबल छापताना चुकू शकतं, हा क्रमांक साच्यातूनच आलेला असतो. त्याखाली कोण काय म्हणालं ते, नावानिशी आणि जागेसकट. सहा महिन्यांनी तीच रेकॉर्ड पुन्हा लावा आणि आधीची नोंद नंतर वाचा.

गावभागातल्या त्या पेटीतली एक अठ्ठ्याहत्तर अजून वहीत अर्धीच आहे. लेबल पुरात गेलं. एका बाजूला बाईचा आवाज, साथीला ऑर्गन, शब्द मराठी, दुसऱ्या ओळीत 'र'वर जराशी अडखळ. टॉर्चने क्रमांकाचे चार आकडे लागले, पाचवा तड्यात गेला आहे. काका एक नाव सांगतात, हार्मोनियमवाल्या ताई दुसरं, आणि दोघांची कारणं वहीत पानभर लिहिलेली आहेत. मोबाइलवर भरून घेतली आहे. दिवाळीनंतर ती मिरजेला नेऊन सतारमेकर गल्लीतल्या एका आजोबांना ऐकवायची ठरली आहे. कुणाला यायचं असेल तर या, दोन्ही बाजू ऐकून या.